साठवणीचे पाणी आणि डासांची उत्पत्ती : टंचाईच्या गावात वैद्याचे कर्तव्य
(आष्टी, ता. परतूर, जि. जालना या परिसराच्या संदर्भाने)

प्रास्ताविक

वर्षा ऋतूच्या आरंभापासून शरद ऋतू सरेपर्यंत आपल्या चिकित्सालयांत ज्वराच्या रुग्णांची गर्दी असते. त्यांपैकी काही रुग्ण अंगदुखी, डोळ्यांच्या खोबणीमागील वेदना व अंगावरील पुरळ घेऊन येतात. काहींचे सांधे इतके आखडलेले असतात की, सकाळी उठून पाण्याची कळशी उचलणेही त्यांना जमत नाही. आपण नाडी पाहतो, दोषदूष्यांचा विचार करतो, औषध देतो, पथ्य सांगतो. रुग्ण बरा होऊन घरी जातो आणि आठ-पंधरा दिवसांत त्याच घरातील दुसरी व्यक्ती तशाच तक्रारी घेऊन आपल्यासमोर बसते. अशा वेळी चिकित्सा अपुरी पडली असे नव्हे, निदानपरिवर्जन राहून गेले असे म्हणावे लागते.

डेंग्यू व चिकुनगुन्या या दोन्ही ज्वरांचा प्रसार एडिस जातीच्या डासांमार्फत होतो. हा डास गटारात किंवा उकिरड्यावर निपजत नाही. घरातील, अंगणातील व परसातील स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात त्याची उत्पत्ती होते. म्हणून या रोगांच्या निदानपरिवर्जनाचा विचार पाण्याच्या भांड्यापासून करावा लागतो. प्रस्तुत लेखात आम्ही जालना जिल्ह्यातील परतूर तालुक्यातील आष्टी हे गाव डोळ्यांसमोर ठेवले आहे. (बीड, वर्धा व गडचिरोली या जिल्ह्यांतही याच नावाची गावे आहेत, म्हणून हा खुलासा.) दुधना व गोदावरी या दोन नद्यांच्या मधल्या या प्रदेशात पाणी साठविणे ही गृहिणीची सवय नसून गरज आहे. तेथे सांगता येईल आणि पाळताही येईल असा उपाय कोणता, एवढाच या लेखाचा विषय आहे.

संहितांतील आधार

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय, जनपदोद्ध्वंसनीय, आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. काम्पिल्य नगरीजवळ गंगातीरी भगवान पुनर्वसु आत्रेय अग्निवेशास सांगतात की, प्रकृती, आहार, देह, बल, वय यांत भिन्न असलेली माणसेही एकाच वेळी एकाच व्याधीने ग्रासली जातात. कारण वायू, उदक, देश व काल हे चार भाव सर्वांना समान असतात. विकृत देशाची लक्षणे सांगताना आत्रेयांनी सरीसृप, शलभ, मक्षिका, मूषक यांच्याबरोबर मशकांच्या बाहुल्याचाही उल्लेख केला आहे, हे विशेष लक्षात घ्यावे.

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात, कीटकल्प अध्यायात, मशकांचे सामुद्र, परिमंडल, हस्तिमशक, कृष्ण व पार्वतीय असे पाच प्रकार दिले आहेत. त्याच संहितेच्या सूत्रस्थानातील पंचेचाळिसाव्या अध्यायात जलविचार आहे. गढूळ पाणी निवळण्यासाठी कतक, गोमेदक, बिसग्रंथी, शैवालमूल, वस्त्र, मुक्ता व मणी अशी सात साधने तेथे सांगितली आहेत. पाण्याचे पात्र जमिनीवर न ठेवता फलक, त्र्यष्टक, मुंजवलय, उदकमंचिका किंवा शिक्य यांवर ठेवावे, असेही सांगितले आहे. आपल्या आजीच्या घरातील पाण्याची तिवई आणि शिंके ही त्याच परंपरेतील होत. पाण्याचे पात्र कोठे ठेवावे, पाणी कसे गाळावे, कसे थंड करावे, हा वैद्याचाच विषय आहे असे सुश्रुताचार्य मानतात.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. प्राचीन आचार्यांना डेंग्यूचा विषाणू व त्याचा वाहक ठाऊक होता, असा दावा आपण करू नये. तो ग्रंथांवर अन्याय होईल आणि आपल्या शब्दाची किंमतही कमी करील. मशकबाहुल्य हे देश बिघडल्याचे चिन्ह आहे आणि जलपात्राची निगा हे आरोग्याचे अंग आहे, एवढे संहितांनी स्पष्ट सांगितले आहे. आपल्या कार्यासाठी तेवढा आधार पुरेसा आहे.

त्याच अध्यायातील आणखी एक उपदेश आम्हांस महत्त्वाचा वाटतो. भूमी बिघडून औषधी विरस होण्यापूर्वीच त्यांचा संग्रह करून ठेव, असे आत्रेय अग्निवेशास सांगतात. आपत्ती येण्याआधी वैद्याने हालचाल करावी, हा त्याचा आशय. त्या संवादाचा काळही ग्रीष्माच्या अखेरचा आहे. आपल्याकडे घरोघरच्या भांड्यांची तपासणी नेमकी याच काळात, म्हणजे मृग नक्षत्रापूर्वी, सुरू व्हावयास हवी.

एडिस डासाचा जीवनक्रम

आपल्या कार्यास उपयोगी तेवढाच भाग येथे देत आहोत. एडिस इजिप्ती हा काळसर, अंगावर व पायांवर पांढरे पट्टे असलेला लहान डास आहे. तो मुख्यतः दिवसा चावतो. सकाळी उजाडल्यावर व सायंकाळी मावळतीपूर्वी त्याचा जोर अधिक असतो. तो फार दूर उडत नाही. साधारणतः जन्मस्थानापासून शंभर-दोनशे मीटरच्या परिसरातच तो वावरतो. म्हणजे एखाद्या घरात डेंग्यूचा रुग्ण निघाला, तर डासांचे उगमस्थान बहुधा त्याच घरात किंवा शेजारच्या काही घरांत असते.

मादी एका वेळी सुमारे शंभर अंडी घालते. ही अंडी ती पाण्याच्या पृष्ठभागावर सोडत नाही. भांड्याच्या आतील ओलसर भिंतीवर, पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, ती चिकटवते. अंडी काळसर व अत्यंत सूक्ष्म असल्याने सहज दिसत नाहीत. कोरड्या अवस्थेत ती कित्येक महिने टिकतात आणि पाणी चढून त्यांना भिजविले की त्यांतून अळ्या बाहेर पडतात. अळीच्या चार अवस्था, नंतर कोष आणि मग पंख फुटलेला डास, हा सर्व क्रम आपल्याकडील उष्ण हवेत सात ते दहा दिवसांत पूर्ण होतो.

या वर्णनातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, भांड्याची निगा आठवड्यातून एकदा नेमाने घेतली तर अळीला डास होण्याची संधी मिळत नाही. दुसरी आणि अधिक महत्त्वाची, केवळ पाणी ओतून देणे पुरेसे नाही. पाणी ओतले, पण भिंत घासली नाही, तर अंडी भांड्यातच राहतात. पुढच्या वेळी टँकर आला, भांडे भरले की तीच अंडी उबतात. पाण्यात किडे पडले म्हणून पाणी फेकले, तरी पुन्हा किडे झाले, अशी तक्रार गावातील स्त्रिया करतात. तिचे उत्तर या भिंतीत आहे.

टंचाई आणि साथ

डासांचे रोग म्हणजे अतिवृष्टीचे रोग, असा समज आपल्यातही आढळतो. हिवतापाच्या बाबतीत त्याला काही आधार आहे. एडिसच्या बाबतीत मात्र पाऊस नसतानाही धोका राहतो, कारण नळाला पाणी कमी तेवढी घरातील साठवण अधिक.

महाराष्ट्राचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. १९७२ च्या दुष्काळाने राज्य होरपळले. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे चिकुनगुन्याची मोठी साथ आली. त्यानंतर तीन दशके हा रोग देशातून जणू नाहीसा झाल्यासारखा होता. २००५ च्या अखेरीस तो आंध्र प्रदेशात पुन्हा प्रकट झाला आणि २००६ मध्ये महाराष्ट्रात, मराठवाड्यासह, घरोघर पोहोचला. त्या वर्षी देशभरात तेरा लाखांहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली. त्या काळात व्यवसाय करीत असलेल्या आपल्यापैकी अनेकांना आखडलेल्या सांध्यांनी, भिंतीला धरून दवाखान्याची पायरी चढणारी माणसे आठवत असतील. चिकुनगुन्या हा शब्द पूर्व आफ्रिकेतील माकोंडे भाषेतला असून, रोगी वाकून जातो असा त्याचा भाव आहे. आपल्या रुग्णांकडे पाहून त्या नावाची प्रचीती आली होती.

२०१२-१३ व २०१५-१६ या वर्षांत मराठवाड्याने पुन्हा तीव्र दुष्काळ पाहिला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. अशा वर्षांत प्रत्येक घर जमेल त्या भांड्यात पाणी भरून ठेवते. पुढे नळयोजना आल्या, २०१९ पासून जलजीवन मिशनचे काम सुरू झाले. तथापि नळ असणे आणि नळाला रोज पाणी असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पाणी कधी येईल याची खात्री जोवर नाही, तोवर घरातील टिपाड हलणार नाही.

आष्टी परिसरातील साठवण-पात्रे

या भागातील घरांतून फिरताना जी पात्रे व जागा तपासावयास हव्यात, त्यांचे वर्गीकरण आम्ही पुढीलप्रमाणे करतो.

(१) पिण्याच्या पाण्याची पात्रे : माठ, घागर, हंडा, कळशी, तांब्या-पितळेची पिंपे. ही रोज रिकामी होतात, रोज विसळली जातात. धोका अल्प. तथापि लग्नकार्यापुरते काढलेले व नंतर कोपऱ्यात अर्धवट भरलेले पिंप विसरले जाते. पाणी उकळून थंड केले म्हणून निर्धास्त राहू नये. शृतशीत जलही उघड्या माठात राहिले तर डासाला ते अग्राह्य नसते.

(२) सांडपाण्याखेरीज इतर वापराची पात्रे : दोनशे लिटरचे लोखंडी वा प्लॅस्टिकचे टिपाड, न्हाणीघरातील सिमेंटची टाकी, अंगणातील हौद, जमिनीत अर्धा पुरलेला रांजण. हीच खरी उत्पत्तिस्थाने. कारण ही तळापर्यंत कधी रिकामी होत नाहीत. वरचे पाणी वापरायचे, पुन्हा वर भरायचे, तळ व कडा तशीच. पुरलेला रांजण तर पालथा करताच येत नाही.

(३) जनावरांची व कोंबड्यांची पात्रे : दगडी डोण, सिमेंटची कुंडी, फुटक्या माठाची बुडे.

(४) दुर्लक्षित जागा : कूलरची टाकी, फ्रीजमागील पाण्याचा ट्रे, कुंड्यांखालच्या थाळ्या, अंगणातील उखळ, जुने टायर, छपरावर वजन म्हणून ठेवलेली टायरे व डबे, गच्चीवरील झाकण उडालेली टाकी, नारळाच्या करवंट्या, पक्ष्यांसाठी ठेवलेले पाणी.

पाणी न फेकता काय करावे

एकदा आम्ही आष्टीत एका घरी टिपाडातील अळ्या दाखवून, आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून कोरडी ठेवा, असे सांगितले. कोरडा दिवस या नावाने ही सूचना सर्वत्र दिली जाते आणि शास्त्रदृष्ट्या ती योग्यच आहे. घरातील आजीबाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, पाणी वतून द्या म्हणता, मग टँकर तुमी आणता का?”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. दोन मैलांवरून डोक्यावर पाणी आणलेल्या बाईला ते ओतून दे म्हणणे, हे पथ्य नव्हे. जे पाळता येत नाही ते पथ्य सांगून वैद्याची जबाबदारी संपत नाही. म्हणून कोरड्या दिवसाच्या मागील तत्त्व कायम ठेवून, पाणी वाचविणारी पद्धत आम्ही सांगू लागलो. ती अशी :

(१) गाळावे, फेकू नये. ज्या भांड्यात अळ्या आहेत, त्यातील पाणी दुहेरी स्वच्छ सुती कापडातून, आधी घासून ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात गाळून घ्यावे. अळ्या व कोष कापडावर राहतात. कापड उन्हात, कोरड्या मातीवर झटकावे. गटारात किंवा दुसऱ्या पाण्यात झटकू नये. हे पाणी वापरासाठी घ्यावे. पिण्यासाठी घ्यावयाचे झाल्यास उकळून घ्यावे. वस्त्रगालन हे सुश्रुतोक्त साधनच आहे, त्यामुळे वडीलधाऱ्यांना ते पटविणे कठीण जात नाही.

(२) भिंत घासावी. रिकामे झालेले भांडे काथ्या, नारळाची शेंडी किंवा ताठ ब्रश घेऊन राख वा वाळूने आतून घासावे. पाणी जेथवर भरलेले असते त्या रेषेच्या वरचा हातभर पट्टा विशेष जोर देऊन घासावा. दोन तांबे पाण्यात हे काम होते. ते पाणी कोरड्या मोकळ्या मातीवर उन्हात टाकावे. होंडुरास या मध्य अमेरिकेतील देशात याच हेतूने घरगुती ब्लीच व धुण्याची पावडर एकत्र करून त्याचा लेप हौदाच्या भिंतीला लावतात, काही वेळ ठेवतात आणि मग घासून धुतात. तेथे या पद्धतीला ‘ला उंतादिता’ म्हणतात. वापराच्या सिमेंटच्या टाकीसाठी ही रीत आपल्याकडेही उपयोगी पडेल. मातीच्या माठाला किंवा पिण्याच्या भांड्याला मात्र असा लेप लावू नये.

(३) पाळी लावावी. घरात तीन टिपाडे असतील तर त्यांवर खडूने भरल्याची तारीख लिहावी. सर्वांत जुने पाणी आधी वापरावे. एक टिपाड पूर्ण संपवून, घासूनच पुन्हा भरावे. तिन्हींतून थोडे थोडे पाणी घेण्याची सवय मोडावी. एवढ्या एका गोष्टीने पाण्याचा थेंबही वाया न घालवता बहुतेक काम साधते.

(४) झाकण घट्ट असावे. लाकडी फळी वा फुटका पत्रा ठेवल्याने कडेला फट राहते व डास आत जातो. जुन्या लुगड्याचे किंवा धोतराचे दुहेरी कापड भांड्याच्या तोंडावर ताणून, दोरीने किंवा जुन्या सायकलच्या ट्यूबने बांधावे. कापड सैल पडून पाण्याला टेकता कामा नये. टाकीच्या हवेच्या व ओसंडण्याच्या नळीला बारीक जाळी लावावी.

(५) जे रिकामे करता येत नाही त्यात गप्पी मासे सोडावेत. मोठा हौद, वापरात नसलेली विहीर, जनावरांची मोठी कुंडी यांसाठी हा उपाय योग्य आहे. गप्पी मासे आरोग्य केंद्रामार्फत मिळू शकतात. गप्पी सोडलेले पाणी पिण्यासाठी घेऊ नये आणि हे मासे नदी-ओढ्यात सोडू नयेत.

(६) टेमिफॉस (ज्याला आरोग्य कर्मचारी ॲबेट म्हणतात) हे अळीनाशक आरोग्य कर्मचाऱ्यांच्या हातूनच घालून घ्यावे. पिण्याच्या पाण्यात त्याचे प्रमाण लिटरमागे एक मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मानक आहे. पाण्याला वास येतो म्हणून अनेक घरांत ते घालू देत नाहीत किंवा घातल्यावर पाणी फेकून देतात. येथे गावातील वैद्याचा शब्द कामास येतो.

काही गैरसमज

तुरटी फिरविल्याने गढूळ पाणी निवळते. घरगुती मात्रेत तिच्यावर अळीनाशासाठी विसंबू नये. टीसीएल पावडरने पाण्यातील जंतू मरतात. पिण्यायोग्य मात्रेत त्याने अळ्या मरत नाहीत. म्हणून टीसीएल टाकलेल्या टाकीलाही झाकण हवेच. तांब्याच्या पिंपाचे गुण कितीही वर्णिले असले तरी तेही उघडे ठेवू नये.

धूपनाविषयी विशेष लिहावयास हवे, कारण ते आपल्याच शास्त्रातील साधन आहे. काश्यपसंहितेत धूपकल्प हा स्वतंत्र अध्याय आहे. निंबपत्र, गुग्गुळ, वचा यांच्या धुराने घरातील डास काही काळ दूर होतात, हा अनुभव सर्वांचा आहे. पण धूर पाण्यात शिरत नाही. सायंकाळी धूप करून घरातील मंडळी निर्धास्त झोपतात आणि अंगणातल्या टिपाडात नवे डास तयार होत राहतात. शिवाय एडिस चावतो तो दिवसा. धूपन अवश्य सांगावे, पण भांडे घासण्याच्या जागी सांगू नये. ग्रामपंचायतीच्या धूर फवारणीलाही हेच लागू आहे.

आरंभ आपल्या औषधालयापासून

हा भाग लिहिताना आम्हांस थोडा संकोच होतो. गावात भांडी तपासण्याचा उत्साह ओसरण्यापूर्वीच, आमच्या औषधनिर्माण खोलीमागे बाटल्या भिजविण्यासाठी ठेवलेल्या टबात आम्हांस शेकडो अळ्या आढळल्या. आसवाच्या बाटल्यांचा क्रम त्या महिन्यात थांबला होता, टब तसाच भरलेला राहिला होता. आजूबाजूच्या घरांत ज्वराचे रुग्ण होते आणि त्यांना आम्हीच औषध देत होतो. त्या डासांनीच त्यांना ग्रासले असे सिद्ध करता येणार नाही. पण तसे नाही, असेही छातीठोकपणे सांगता येत नव्हते.

म्हणून औषधालयचालकांस आमची विनंती आहे की, पुढील जागा दर आठवड्यास एका ठरावीक दिवशी तपासाव्यात : बाटल्या धुण्याच्या टाक्या व टब, काढा थंड करण्यासाठी पाणी भरून ठेवलेली पातेली, आसव-अरिष्टांची रिकामी संधानपात्रे व चिनी मातीच्या बरण्या, परसात पडलेले जुने खल व कढया, रिकामे डबे व फुटक्या बाटल्या, औषधी वनस्पतींच्या कुंड्या व त्यांखालील थाळ्या, कूलर, गच्चीवरील टाकी. रिकामी पात्रे पालथी घालून छपराखाली ठेवावीत. बंद औषधालयात, सुट्टीच्या काळात, पाणी भरून काहीही ठेवू नये. तपासणीची तारीख व सही असलेली एक वही भिंतीला टांगून ठेवावी. ही वही गिऱ्हाइकांनाही दिसली तर उत्तमच.

तपासणीची मोजणी

तपासणी केवळ डोळ्यांनी न राहता आकड्यांत यावी, यासाठी तीन निर्देशांक प्रचलित आहेत. समजा, एका गल्लीतील ५० घरे पाहिली, त्यांत पाणी असलेली २०० भांडी आढळली, ९ भांड्यांत अळ्या होत्या आणि ही भांडी ६ घरांतील होती. तर घर निर्देशांक म्हणजे शंभर घरांमागे अळ्या असलेली घरे, येथे १२. भांडे निर्देशांक म्हणजे शंभर भांड्यांमागे अळ्या असलेली भांडी, येथे साडेचार. ब्रेटो निर्देशांक म्हणजे शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी, येथे १८. दर पंधरवड्यास त्याच गल्लीची मोजणी केली तर उपाय लागू पडतो आहे की नाही, हे कळते. आशा कार्यकर्तीबरोबर फिरावे, आपली वही प्राथमिक आरोग्य केंद्रास दाखवावी. भिंगाचीही आवश्यकता नाही. विजेरीचा झोत पाण्यात टाकला की अळ्या वळवळत खाली पळतात, त्या लहान मुलालाही दिसतात. घरातील मुलांच्या हाती विजेरी द्यावी. तपासणी त्यांच्याइतकी काटेकोर कोणी करीत नाही.

रुग्णापासून घरापर्यंत

संशयित डेंग्यूच्या रुग्णाबाबत काही गोष्टींची पुन्हा आठवण करून देतो. ज्वर उतरू लागल्यावर, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, धोका संपत नाही, तो याच वेळी वाढू शकतो. पोटात तीव्र वेदना, वारंवार उलट्या, हिरड्या वा नाकातून रक्त, काळे मल, हातपाय गार पडणे, अस्वस्थता वा ग्लानी, लघवी कमी होणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. ॲस्पिरिन व आयब्युप्रोफेन टाळावे. गर्भिणी, लहान मुले, वृद्ध व मधुमेही यांच्या बाबतीत विलंब करू नये. प्लेटलेटचा एक आकडा पाहून घाबरू नये किंवा निर्धास्तही होऊ नये. पपईच्या पानांचा रस किंवा अन्य कोणताही योग हा रुग्णालयाचा पर्याय आहे, असे रुग्णास वाटू देऊ नये. औषधालयाच्या फलकावर डेंग्यूवर हमखास इलाज असे लिहिणे आपल्या शास्त्रास शोभणारे नाही.

रुग्णास दिवसाही मच्छरदाणीत झोपवावे. त्याच्या रक्तातील विषाणू डासाने शोषला की तोच डास पुढे घरातील इतरांना बाधित करतो. आणि औषधाच्या चिठ्ठीवर पथ्यापथ्याखाली एक ओळ अवश्य लिहावी : घरातील पाण्याची सर्व भांडी आज घासणे, दर आठ दिवसांनी पुन्हा. तोंडी सांगितलेले विसरले जाते. चिठ्ठीवर लिहिलेले औषधासारखे पाळले जाते.

उपसंहार

त्या आजीबाईंच्या घरी पुढच्या खेपेस आम्ही गेलो, तेव्हा अंगणात तीन टिपाडे होती. तिन्हींवर कापड ताणून बांधलेले होते, बाजूला खडूने तारखा घातल्या होत्या. तारखा नातवाने लिहिल्या होत्या. आजीबाईंनी एक कापड सोडून आम्हांस आत पाहावयास लावले. पाणी स्वच्छ होते. “एक तांब्याबी वाया गेला न्हाई,” असे त्यांनी मुद्दाम सांगितले.

वैद्यबंधु-भगिनींनो, टंचाई दूर करणे आपल्या हाती नाही. टँकरची पाळी ठरविणेही आपल्या हाती नाही. पण साठविलेले पाणी घरातील माणसांना बाधू नये, यासाठी काय करावे ते पाळता येईल अशा रीतीने सांगणे आपल्या हाती आहे. येत्या ग्रीष्माच्या अखेरीस प्रत्येकाने आपल्या औषधालयातील पात्रांपासून आरंभ करावा, नंतर आपल्या गल्लीतील पन्नास घरे पाहावीत आणि वही ठेवावी, एवढीच विनंती करून हा लेख पुरा करतो.